अंगठा कुणाचा?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, थोडी डागडुजी केलीय एवढंच.)



मला बोलवायला पोरं आली तेव्हा त्यांनी विचारलं, पत्रकावर विषय काय टाकायचा? मी म्हटलं, ‘पोलिसांनी बंद केलेली फाईल’ असा टाका. पोरं हसली. म्हणाली, असल्या फायली तर घरोघर आहेत. म्हटलं, म्हणूनच टाका.

मी वकील नाही. पुढारी तर नाहीच नाही. टपाल खात्यात सॉर्टर आहे. रात्रपाळीत टपाल लावता लावता एक खोड लागलीय, कागद उलटासुलटा करून बघायची. शिक्का कुठला, तारीख कुठली, सही कुणी केली. आज जे सांगणाराय ते त्या खोडीतनं आलेलं आहे. पुस्तकातलं कमी, कोर्टाच्या बाकड्यावर बसून शिकलेलं जास्त.

गोष्ट घरची आहे. गावाचं नाव सांगत नाही, पोलीस ठाण्याचं सांगत नाही, जमीन घेणाराचंही नाही. केस चालू आहे. आणि नाव गाळलं म्हणून तुम्हाला गोष्ट ओळखू येणार नाही असं थोडंच आहे?

माझ्या आत्याचा हाडोळा. दोन एकर अकरा गुंठे. आत्या म्हणजे बापाची चुलत बहीण. तिच्या बापाकडं गावाची महारकी होती. मयताचा सांगावा घेऊन पाच-पाच कोस पळायचं, सरकारी दप्तर डोक्यावर वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. त्या बदल्यात दारोदारची भाकर आणि हा वतनाचा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्यानं या बेडीवर सरकारी शिक्का मारला होता. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात ती बेडी तोडायला बिल मांडलं. ते पास झालं नाही. महाराच्या पायातली बेडी महाराला जमीन म्हणून दाखवली जाते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. शेवटी १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली. जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन आपल्याच लोकांना परत मिळाली. पण नवीन शर्तीवर. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आपलं, आणि विकायची तर कलेक्टरला विचारा.

शर्त आपल्या रक्षणासाठी, असं सांगतात. असेलही. पण तिच्यावरच एक धंदा उभा राहिला. ‘तुझी जमीन तशी विकता येत नाही, मी घेतो निम्म्या भावात, तू नुसतं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून दे.’ नुसत्या कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ साली स्वच्छ सांगितलं. गावात ते कुणी वाचून दाखवलं नाही.

दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन आपले बापजादे १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलात गेले. पडीक गायरानासाठी गेले. आज आपल्याला निदान एवढं तरी करायचंय, की जे नावावर आहे ते नावावर ठेवायचं. ही लढाई कागदावर लढावी लागते. मोर्चा लागतोच, पण मोर्च्याच्या हातात नक्कल पाहिजे.

तर हाडोळा. पन्नास वर्षं तिथं कुसळं उगवली, तेव्हा कुणाला त्याची आठवण झाली नाही. मग शेजारनं मोठा रस्ता गेला. चार वर्षांपूर्वी गावाकडनं फोन आला, तुमच्या रानाला तारेचं कंपाउंड पडलंय. मी सातबारा काढला. आत्याच्या नावाला कंस. ज्यांनी सातबारा वाचलाय त्यांना ठाऊक आहे कंस म्हणजे काय. माणूस जिवंत असतो आणि कागदावर संपलेला असतो.

फेरफार काढला, त्यातनं खरेदीखताचा नंबर मिळाला. दुय्यम निबंधकाकडनं प्रमाणित नक्कल घेतली. आत्याकडं गेलो. ती मुंबईत चाळीत राहते. सत्तरी ओलांडलीय. खरेदीखताच्या प्रत्येक पानावर लिहून देणारीचा अंगठा होता. खाली लिहिलेलं, ‘निरक्षर असल्याने डाव्या हाताचा अंगठा.’

मित्रांनो, माझी आत्या सही करते. चाळिशीत असताना चाळीच्या जिन्याखाली साक्षरतेचा वर्ग लागायचा. दिवसभर लोकांची भांडी घासून ती तिथं जाऊन बसली आणि नाव लिहायला शिकली. त्या दिवसापासून तिनं कुठं अंगठा लावला नाही. बँकेत सही, रेशनला सही, मतदानाला सही. एकदा एका कारकुनानं न विचारता शाईचं पॅड पुढं सरकवलं, तर तिनं ते परत त्याच्याकडं ढकललं होतं.

शेवटच्या पानावर नोंदणीच्या वेळी काढलेला फोटो होता. आत्यानं चष्मा पुसला, बघितलं, म्हणाली, “ही कोण बया? हिला माझं नाव कशाला लावलंय?” मग बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली आणि म्हणाली, “गरीबच दिसती रं. तिलाबी शे-दोनशेच दिलं आसतील.”

पोलीस ठाण्यात गेलो. “खरेदीखत रजिस्टर आहे. दिवाणी मॅटर आहे. कोर्टात जा.” हे वाक्य तिथं भिंतीवर रंगवून ठेवलं तरी चालेल, इतक्यांदा बोललं जातं. आम्ही फिर्याद लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावती जपून ठेवली. चार महिन्यांनी गुन्हा दाखल झाला. फसवणूक, तोतयेगिरी, बनावट दस्त. आम्ही म्हटलं, ॲट्रॉसिटीचं कलम लावा. अंमलदारानं विचारलं, “चारचौघांत जातिवाचक शिवी दिली का?” म्हटलं, नाही, जमीन घेतली. म्हणाला, “मग कसं लागेल?”

हे नीट ऐका, कारण हे तुम्हालाही विचारणार आहेत. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन गैरपणे बळकावणं, ती आपल्या नावावर करून घेणं, हा १९८९ च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ३ (१) (एफ). २०१५ च्या दुरुस्तीनं ‘गैरपणे’ म्हणजे काय तेही लिहिलंय, आणि त्यात जमिनीचं बनावट रेकॉर्ड करणं हे शब्द आहेत. शिवीची अट या कलमाला नाही. चारचौघांचीही नाही. शिवी न देता लुटणारा सभ्य ठरतो, हा कायदा नव्हे, ही ठाण्यातली रीत आहे.

आठ महिने गेले. मग तपासी साहेब फोन घेईनात. एक दिवस हवालदार म्हणाला, “अहो, तुमची फाईल क्लोज झाली. सी समरी.” बोलण्याच्या सुरात असं, की जणू निकाल लागला.

आता ही समरी काय चीज आहे ते सांगतो. आपल्या राज्यात पोलीस तपास बंद करताना तीन शिक्के वापरतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. ‘बी’ म्हणजे फिर्यादच खोटी. ‘सी’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातनं झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. हे शिक्के फौजदारी प्रक्रिया संहितेतले नाहीत, पोलीस मॅन्युअलमधले आहेत. ‘बी’ला जपून राहा. ती मंजूर झाली तर फिर्याद करणारावरच खोट्या फिर्यादीचा गुन्हा उलटू शकतो. ‘सी’मध्ये तुम्हाला कुणी लबाड म्हणत नाही. अडाणी म्हणतात. आमच्या अहवालात वाक्य होतं, ‘फिर्यादी वयोवृद्ध व निरक्षर असून तिला व्यवहाराचे विस्मरण झाले असावे.’

आत्याला ते वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “निरक्षर लिवलंय?”

सगळ्यात मोठी गोष्ट ही, की पोलीस तपास बंद करत नसतात. तपास बंद करावा असं त्यांचं मत ते मॅजिस्ट्रेटला कळवतात. ते मंजूर करायचं की नाही, हे मॅजिस्ट्रेट ठरवतात. आणि मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं १९८५ साली भगवंत सिंग खटल्यात सांगितलं. आमची नोटीस गेली होती. कुठं? गावच्या पडक्या घराच्या पत्त्यावर. ‘पत्त्यावर नाही’ शेरा पडून परत आली. फिर्यादीत आत्याचा मुंबईचा पत्ता पहिल्याच ओळीत आहे. मी टपालातला माणूस, मला विचारा पत्र पोचू नये म्हणून पत्ता कसा लिहितात. पण त्यामुळंच एक झालं. अहवालावर अजून हुकूम झाला नव्हता. आम्ही वेळेत पोचलो.

कोर्टात नकलेचा अर्ज दिला. अहवाल अकरा पानांचा. एका वकीलताईंनी मला सांगितलं, “यात काय लिहिलंय ते एकदा वाचा. काय लिहिलेलं नाही ते दहादा वाचा.” मी रात्रपाळी करून आलो की सकाळी तेच वाचायचो. चार गोष्टी निघाल्या.

एक. खरेदीखतावरचा अंगठा आणि आत्याचा अंगठा तज्ज्ञाकडं पाठवलाच नव्हता. अहवालासोबत नुसती सूची क्रमांक दोन जोडली होती. तिच्यात ना फोटो येतो, ना अंगठा. अकरा पानांत फोटो हा शब्दच नव्हता.

दोन. पैसे चेकनं दिले, म्हणून व्यवहार खरा, असं लिहिलेलं. चेक आत्याच्या नावावरच्या खात्यात वटला होता. ते खातं कुणी उघडलं, कुठला फोटो लावून उघडलं, आठवडाभरात रोख कुणी काढली? खाते उघडण्याचा फॉर्म बँकेकडून मागवलाच नव्हता.

तीन. दस्तात बिगरशेतीसाठी कलेक्टरच्या परवानगीचा नंबर टाकलेला. आम्ही माहितीच्या अधिकारात विचारलं. उत्तर आलं, या क्रमांकाचा आदेश आढळत नाही. आम्हाला साध्या अर्जात कळलं ते पोलिसांना आठ महिन्यांत कळलं नाही.

चार. निबंधकासमोर ‘आम्ही या बाईला ओळखतो’ म्हणून सह्या करणारे दोन साक्षीदार. दोघांचेही जबाब नाहीत.

या चौथ्यापाशी मला थांबलं पाहिजे. त्या दोनातला एक माझा चुलत भाऊ आहे. माझ्या आत्याच्या मांडीवर वाढलेला. आणि ज्यानं हा सगळा व्यवहार जुळवला तो एजंट गळ्यात निळा रुमाल घालून चौदा एप्रिलला पुढं असतो.

विरोध अर्ज द्यायच्या आदल्या रात्री भाऊ माझ्याकडं आला. “दादा, वीस हजार दिले. सही कशावर करतोय मी बघितलं न्हाई. पोरीच्या फीचं नडलं हुतं.” मी काय बोलणार? मागनं भावकी आली. “आपल्याच माणसाला आत घालणार का? घेणारा तर सुटंल, मरंल आपलं पोरगं.” भावकी खोटं बोलत नव्हती. मी भावाला घेऊन आत्याकडं गेलो. तिनं त्याला चहा दिला. तो पाया पडला. ती म्हणाली, “फीचं मला सांगितलं आसतंस तर मी काय केलं नसतं का? आता जे झालं ते जबाबात खरं सांग. नाव मी काढणार न्हाई.” आणि मला म्हणाली, “जमीन यील न्हाईतर जाईल. पण मी अंगठेबहाद्दर न्हाई, हे आधी लिवून घ्या.”

नाव अर्जात राहिलं. ती रात्र मला अजून सोडत नाही. पण मी तुम्हाला विचारतो, भावाचं नाव झाकलं असतं तर एजंटापर्यंत आणि त्याच्या पलीकडं कोण पोचलं असतं?

आता कोर्टात काय मागायचं ते लक्षात ठेवा. समरी पुढं आली की मॅजिस्ट्रेट ती मंजूर करू शकतात, किंवा अधिक तपासाचा हुकूम देऊ शकतात, किंवा पोलिसांचं मत बाजूला सारून कागदांवरून स्वतःच गुन्ह्याची दखल घेऊ शकतात. तुमचा विरोध अर्ज खाजगी फिर्याद मानून जबाबही नोंदवू शकतात, मात्र अर्जात तेवढा ऐवज पाहिजे. पोलिसांना ‘दोषारोपपत्र दाखल कराच’ असा हुकूम मात्र मॅजिस्ट्रेट देऊ शकत नाहीत. हे १९६७ पासून ठरलेलं आहे. म्हणून ते मागून अर्ज वाया घालवू नका.

आणि एका शब्दाला जपा. आमच्या पहिल्या मसुद्यात मी तावातावानं ‘फेरतपास’ लिहिलं होतं. वकीलताईंनी खोडून ‘अधिक तपास’ केलं. आधीचा तपास पुसून नव्यानं करा, असं सांगायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला नाही, तो वरच्या कोर्टांना. राहिलेला तपास पुरा करा, असं मात्र मॅजिस्ट्रेट सांगू शकतात. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं विनुभाई मालवीय प्रकरणात सांगितलं, की दोषारोप ठेवले जाईपर्यंत हा अधिकार राहतो. ते प्रकरणही जमिनीचंच, सुरतचं. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १७३ चं १९३ झालं, १५६ चं १७५ झालं. नंबर बदलले, हा हक्क गेलेला नाही. उलट नव्या कलमात असंही आहे, की तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं. कळवत नसतील तर लेखी विचारा.

‘दिवाणी मॅटर’वर आम्ही एवढंच मांडलं, की एकच कृत्य दिवाणीही असतं आणि फौजदारीही असतं. दुसऱ्याची जमीन ‘माझीच आहे’ म्हणून आपल्या नावानं विकली तर तेवढ्यानं बनावट दस्त होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००९ चा निकाल आहे, आणि समोरचा वकील तो हमखास काढतो. पण दुसरी बाई आत्या म्हणून उभी केली, की तो दस्त बनावटच. म्हणून तोतयेगिरीचा धागा सोडायचा नाही.

मॅजिस्ट्रेटनी सी समरी नामंजूर केली. अधिक तपास झाला. आत्यानं अंगठ्याचा नमुना दिला, आणि त्या कागदाखाली हट्टानं सहीही केली. तज्ज्ञांचा अहवाल आला, अंगठा जुळत नाही. बँकेच्या फॉर्मवर त्याच अनोळखी बाईचा फोटो निघाला. एजंट आणि दोन्ही साक्षीदारांवर दोषारोपपत्र गेलं. ती बाई अजून सापडलेली नाही.

टाळ्या वाजवू नका. पुढं ऐका. जमीन ज्याच्या नावावर गेली त्याला पोलिसांनी ‘सद्‌हेतूने खरेदी करणारा’ ठरवून बाजूला ठेवलाय. म्हणजे रेडी रेकनरच्या निम्म्या भावात वतनाची जमीन घेणारा, कलेक्टरचा नंबर खरा की खोटा हेही न बघणारा, तो बिचारा फसला! यातली मेख बघा. ॲट्रॉसिटीचं कलम आपल्या माणसाला लागत नाही. आरोपी म्हणून उरले ते सगळे आपले. म्हणजे घेणाऱ्याला सज्जन ठरवलं, की ॲट्रॉसिटी आपोआप उडाली. भावकी त्या रात्री म्हणत होती तेच पोलिसांनी खरं करून दाखवलं. या मुद्द्यावर आमचा झगडा आज चालू आहे आणि आम्ही तो सोडलेला नाही.

कंपाउंडही तसंच आहे. कारण फौजदारी केस माणसाला आत घालते, जमीन परत देत नाही. त्यासाठी दस्त रद्द करायचा दिवाणी दावा वेगळा. त्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. फेरफाराविरुद्ध प्रांताकडं अपील साठ दिवसांत, उशीर झाला तर माफीच्या अर्जासह. समरी मंजूर झालीच तर सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज नव्वद दिवसांत. पोलिसांच्या फाईलकडं बघत बसलात तर या सगळ्या मुदती तिकडं मुकाट निघून जातात. आम्ही दावा अडीच वर्षांनी, धापा टाकत दाखल केला.

तुमच्यात कॉलेजात जाणारे आहेत, ऑफिसात टायपिंग करणारे आहेत, बेकारही आहेत. तुमच्या गावाकडं हाडोळा असेल. तुम्हाला त्याचा गट नंबर माहीत आहे का? वारसनोंद झालीय का? नावाला कंस तर पडला नाही ना? पुढच्या रविवारी येताना प्रत्येकानं आपल्या घरचा सातबारा आणि फेरफार घेऊन या. नसेल तर आजीला विचारून या. आपण इथंच बसून वाचू. ज्याची समरी झालीय त्यानं तिची नक्कल आणावी. तिच्यात काय लिहिलेलं नाही ते आपण मिळून शोधू.

आत्याची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. ती मुंबईहून एसटीनं येते, बॅगेत चष्मा आणि पेन घेऊन. कुणाला यायचं असेल तर या. कोर्टात आपली माणसं बसलेली दिसली की साक्ष देणाऱ्या म्हातारीचा आवाज जरा मोठा निघतो.

जय भीम.